दारातला ढोल

दिशाने शाळेचा फ्रॉक उलटा घातला होता. शिवणी बाहेर आणि खिशांच्या पिशव्या मांडीवर लोंबत होत्या. गळ्यामागची चिठ्ठी तिने पहिल्याच दिवशी दातांनी तोडून टाकली होती.

"सरळ घाल तो," काशीबाई म्हणाली.

"सरळ घातला की शिवण आत येते. आत आली की टोचते."

"आनि बाहेर लोक बगतात त्याचं काय?"

"लोकांना कुठं टोचते, आजी?"

काशीबाईचा मुलगा विनीत पडवीत उभ्यानेच भाकरी खात होता. चिरेखाणीचा टेम्पो फाट्यावर यायची वेळ झाली होती. आईने त्याच्याकडे पाहिलं, पण त्याने मान वर केली नाही. सहा वर्षांच्या पोरीशी वाद घालून कोणी जिंकल्याचं त्याला तरी माहीत नव्हतं. त्याची बायको तेजस्वी होती तोवर ती काहीतरी करून वेळ मारून नेत असे. काय करायची ते त्याने कधी नीट पाहिलं नव्हतं. गेल्या वर्षी पौषात तिची कावीळ उतरलीच नाही. त्यानंतर घरातली प्रत्येक सकाळ अशीच सुरू होत होती.

वेणीची वेळ आली. काशीबाईने फणी लावली आणि दिशाने घर डोक्यावर घेतलं. शेजारचा धाकू गुरं सोडायला चालला होता, तो दगडी गडग्यावरून ओरडला, "काकू, पोरगी कापतेस काय गो?"

"कापली असती तर सुटले असते," काशीबाई म्हणाली आणि फणी भिंतीवर आपटली.

दिशा रडणं थांबवून म्हणाली, "फणीचे दोन दात तुटले. आता ती आणखी ओढणार."

विनीत निघाला. मागून आई म्हणाली, "शिमगा आठवड्यावर आला. मी काय सांगतेय ते ऐकतोस काय?"

"संध्याकाळी, आये."

"तुजी संध्याकाळ कदी व्हते?"

खाणीत दिवसभर यंत्राचं पातं जांभ्यात फिरत होतं. लाल धूळ नाकात, पापण्यांवर, तोंडातल्या थुंकीतही. विनीत पातं चालवायचा. तिथे माणसं हातवारे करूनच बोलायची. जेवणाच्या सुट्टीआधीच मुकादमाने हाताने फोनची खूण केली. शाळेतून फोन होता.

बाई म्हणाल्या, "दिशा टेबलाखाली बसली आहे. बाहेर येत नाही. तुम्ही या."

"काय झालं?"

"घंटा वाजली, बाकी काही नाही."

अर्ध्या दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडून तो गेला. मागून कोणीतरी म्हणालं, "राजकन्येला न्यायला चालले महाराज." माणसं हसली. विनीतही हसला, कारण न हसून चाललं नसतं.

शाळेत दिशा टेबलाखाली पुस्तक वाचत होती. पुस्तक चौथीचं होतं. बाई जवळ आल्या. "हुशार आहे हो. माझ्या फळ्यावरची चूक मला दाखवते. पण एक डबा खाली पडला तर तासभर वर्ग माझ्या हातात राहत नाही. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी काय सांगितलं?"

"मेंदूत काय नाय म्हणाले. आवाज, कपडा, सगळं तिला जास्त लागतं. आठवड्यातनं दोन वेळा आणा म्हणाले."

"मग नेता का?"

विनीतने आपल्या लाल कपड्यांकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं आणि दिशाचं दप्तर त्याच्या हातात दिलं.

घरी येताना दिशा पाणंदीतून त्याच्यापुढे चालत होती. मध्येच थांबून म्हणाली, "वाळूचा ट्रक येतोय. मोकळा." विनीतला काहीच ऐकू येत नव्हतं. ते फाट्याच्या वळणावर पोचले तेव्हा ट्रक आला. मोकळाच होता.

"पप्पा, पालखी येणार ना?"

"येणार."

"गेल्या वर्षीसारखी?"

त्याला कळलं नाही. "मंजे?"

"गप. ढोल थांबवून आली होती. मी दारात उभी राहून सगळी बघितली. देवीच्या नाकातली नथ पण दिसली."

गेल्या वर्षी ढोल थांबला होता तो सुतक म्हणून. या गावात ज्या घरचं माणूस वर्षभरात गेलं असेल, त्या दारावरून शिमग्याची पालखी ढोल थांबवून पुढे जाते. तिथे ती टेकत नाही, नाचत नाही, त्या घरची ओटी घेत नाही. गेल्या वर्षी पालखी अशी पायांच्या आवाजाने गेली, तेव्हा काशीबाई भिंतीला टेकून खाली बसली होती. पोरीला त्यातली नथ तेवढी दिसली.

"या वर्षी वाजत येनार," विनीत म्हणाला. "आपलं वरस झालं."

दिशा थोडं चालली. मग विचारलं, "मम्मी मेली म्हणून गप आली. मग या वर्षी कोण मेलं तर गप येईल?"

"गप बस."

"आजी म्हातारी आहे."

"दिशा!"

तोवर ते घरापुढच्या खळ्यात आले होते. काशीबाई सुपात काजू पाखडत दारातच बसली होती. तिने ऐकलं ते उघड होतं, कारण सूप थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

जेवायला बसले तेव्हा ती बोलली. दिशा आपल्या ताटात कोरडा भात एका बाजूला आणि पापड दुसऱ्या बाजूला, एकमेकांना लागणार नाहीत असे ठेवून खात होती. भाताला आमटीचा थेंब लागला तर ताटच परत जायचं.

"या वरसाला देवी दारात बसनार," काशीबाई म्हणाली. "ओटी कोन भरनार?"

"तू भर."

"मी रांडमुंड बाई. मी भरू देवीची ओटी?"

"मंग धाकूच्या बायकोला बोलव."

"माज्या दारात देवीची ओटी धाकूची बायको भरनार? घरात लेक असताना? कुवार पोर भरते, चालतं. हीच भरनार. परकर-पोलकं नेसून, नीट उभी राहून." मग तिने आवाज खाली आणला. "आनि नाय राहिली, तर मग तिची मावशी नेते म्हनतेय, नेऊ दे. माज्याच्यानं व्हत नाय रं, विनीत. माज्या मरनाची वाट बगते ती, आनि मला तिची भीती वाटते. खरं सांगते."

दिशा पापड मोडत होती. मोडताना ती कान पापडाजवळ नेऊन ऐकायची.

तेजस्वीची बहीण संस्कृती लांज्यात काजूच्या कारखान्यात पॅकिंगला होती. नवरा रिक्षा चालवायचा. मूल नव्हतं. वर्षभर ती फोनवर तेच सांगत होती, "भावोजी, पोरीला माझ्याकडे द्या. इथं शाळा चांगली आहे. दवाखाना जवळ आहे." विनीत दरवेळी बघू म्हणायचा. आज आई बोलली तेव्हा छातीवरचा एखादा चिरा कोणी उचलावा तसं त्याला क्षणभर हलकं वाटलं. मग त्या हलकेपणाचीच किळस आली आणि त्याने आमटीचं भांडं उगाच जोरात ठेवलं. दिशाने कानांवर हात घेतले.

दुसऱ्या दिवशी तो खाणीवरून परस्पर सहाणेवर गेला. पिंपळाखालच्या त्या चौथऱ्यावर पालखीला गोंडे बांधायचं काम चाललं होतं. मानकरी महिपततात्या पान चघळत बसले होते. बाबू ढोलाच्या दोऱ्या ताणत होता.

"तात्या, एक इचारायचं व्हतं."

"इचार की."

"आमच्या दारात ढोल नाय आणला तर? वळणावर थांबवायचा. पालखी तेवढी आत आणायची."

बाबू हसला. "मंग नाचवायची कशावर? मोबाईलवर गाणं लावून?"

तात्या हसले नाहीत. "ढोल थांबला मंजे सुतक. हे मी तुला सांगायचं? गेल्या वरसाला थांबवला तेव्हा तुझ्या आयेकडं बगवत नव्हतं. आनि आता तोंडानं मागायला आलास?"

"पोरीला सोसत नाय."

"पोरं भितात. माजा नातू भ्यायचा. उचलून ढोलावरच बसवला. आता ढोल सोडत नाय."

"ती भीत नाय, तात्या. तिला लागतं."

"आवाज लागतो?" बाबूने विचारलं. "कुटं लागतो?"

विनीत गालावर बोट ठेवून म्हणाला, "किडलेल्या दातावर गार पाणी पडतं ना? तसं. पन सगळ्या अंगावर."

तात्यांनी बाजूला पिंक टाकली. "आज तुज्या पोरीसाठी थांबवला, तर उद्या कोन म्हनेल बारावीचा पेपर हाय, कोन म्हनेल बाळंतीन हाय. मग देवी काय चोरासारखी जाईल गावातनं? सुतक असेल तर बोल. नसेल तर पोरीला धीर दे."

त्याने आणखी उपाय केले. मुकादमाकडून आवाज अडवायला कानांवर लावायची ती मोठी टोपडी मागून आणली. दिशाने ती लावली आणि लगेच ओढून काढली. "आत माझाच श्वास वाजतो." कापूस दिला, तर तो कानात किर्र करतो म्हणाली. मग त्याने तेलाचा रिकामा डबा घेतला. आधी लांबून हळू वाजवला, मग जवळून. सवय होईल म्हणून. तिसऱ्या वेळी ती माजघरातून धावत गेली आणि काजूच्या ढिगामागे जाऊन भिंतीला डोकं लावून बसली. काशीबाई म्हणाली, "वाजव. आनकी वाजव. गावात कोन झोपला असंल तो पन उठू दे."

परकर-पोलक्याचा दिवस सगळ्यात वाईट गेला. काठाला जर होती. विनीतने तिचे दोन्ही हात एका हातात धरले आणि पोलकं डोक्यातून ओढलं. ती त्याच्या मनगटाला चावली. त्याने पाठीत धपाटा घातला, चांगला जोरात. काशीबाईही "अरे अरे" करत पुढे आली.

दिशा रडली नाही. म्हणाली, "मारलंस ते चाललं. पण हे काढ. पप्पा, हे काढ, हे काढ, हे काढ."

त्याने पोलकं काढलं आणि मागच्या दाराने बाहेर जाऊन न्हाणीच्या दगडावर बसला. मनगटावर दातांची महिरप उठली होती. तेजस्वीवर त्याला भयंकर राग आला. असली पोर त्याच्या गळ्यात घालून गेली, आणि कशी सांभाळायची ते सांगायलाही थांबली नाही. असं मनात आलं, आणि त्याने हंड्यातलं पाणी घेऊन मनगटावर ओतलं.

काशीबाईने निरोप धाडला होता, म्हणून पालखीच्या दिवशी सकाळी संस्कृती आली. नवऱ्याने रिक्षा वळणावर लावली आणि तो सहाणेकडे गेला. संस्कृतीने दिशाचे कपडे एका पिशवीत भरले आणि पिशवी दाराआड ठेवली. खळं सारवून काशीबाईने रांगोळी काढली. सुपात तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू ठेवलं. परकराचा विषय तिने काढला नाही. धुऊन विरलेला जुना फ्रॉक दिशाने उलटा घातला, तेव्हा ती एवढंच म्हणाली, "देवी आतूनबाहेरून सगळं बगते."

"देवीला खण टोचत नाही?" दिशाने विचारलं.

"तिला नाय टोचत. ती देवी हाय."

"मग तिला सोपं आहे."

संस्कृती तोंडाला पदर लावून हसली. काशीबाईच्याही ओठाचा कोपरा हलला, पण तिने तो आवरला.

ऊन चढलं. दिशा एकदम उठून उभी राहिली. "वरच्या वाडीतून निघाली." बाकीच्यांना फक्त पानं वाजताना ऐकू येत होती. थोड्या वेळाने विनीतला ऐकू आलं. मग सगळ्यांनाच. धाकूची पोरं हुर्रे करत वळणाकडे पळाली. वाडीतली माणसं गडग्यांवर येऊन उभी राहिली.

काशीबाईने सूप दिशाच्या हातात दिलं. "सांगितलंय तशी धर. देवी बसली की पुढं जायाचं."

"मला पाठ आहे."

पालखी वळणावर आली. ढोल, ताशा, सनई, निशाणं, गुलालाचा लाल धुरळा. बाबू पुढे होता. ढोलाची प्रत्येक थाप जमिनीतून येऊन पडवीच्या खांबात शिरत होती. विनीत पोरीच्या मागे उभा होता. पळाली तर धरायचं, असं ठरवून.

ती पळाली नाही. नाकातून एकच लांब सूर काढत होती, मधमाशीसारखा. सुपातले तांदूळ थरथरून कडेला सरकत होते. मानेच्या शिरा बाहेर आल्या होत्या. मग विनीतला तिच्या पायांशी ओल दिसली. सारवलेली जमीन काळी पडत चालली होती आणि रांगोळीचं एक पान त्यात विरघळलं. तिला तेही कळलं नव्हतं. किंवा कळलं होतं आणि तिने ते बाजूला ठेवलं होतं.

"दिशा," तो खाली वाकला.

"मी उभी आहे," ती दातांतून म्हणाली. "बघ. उभी आहे मी. आता लांज्याला जायचं नाही ना?"

पुढे काय करायचं ते विनीतने ठरवलं असं नाही. तो खळ्यातून चालत बाहेर गेला आणि पाणंदीच्या मध्ये पालखीसमोर उभा राहिला. दोन्ही हात वर केले. खाणीत पातं बंद करायची खूण तशीच होती.

बाबू वाजवत राहिला. मग तात्यांनी हात केला आणि तो थांबला. ताशा दोन ठोके उशिरा थांबला.

"काय रं?" तात्या म्हणाले.

"ढोल थांबवा. सुतक हाय."

माणसं एकमेकांकडे बघू लागली. तात्यांचा चेहरा उतरला. "कोन गेलं?"

"माजी बायको."

मागे कोणीतरी फिसकन हसलं आणि कोणीतरी त्याला गप केलं. तात्या सावकाश म्हणाले, "विनीत, तिचं वरस झालं. गाव जेवून गेलं तुज्याकडं. मी स्वता जेवलो."

"तुमी जेवलात, तात्या. तुमचं फिटलं." त्याचा आवाज खाणीतल्यासारखा मोठा निघाला. "आमचं नाय फिटलं. माजं नाय फिटलं."

तात्यांनी त्याच्या खांद्यावरून खळ्यात पाहिलं. तिथे पोर सूप धरून उभी होती, मागे तिची आजी. सगळी वाडी बघत होती. तात्यांना दिवस-वार पाठ होते. ते आणखी एकच शब्द बोलले असते तर विनीतला वाटेतून बाजूला व्हावं लागलं असतं.

"बाबू," ते म्हणाले, "उतरव."

बाबूने ढोलाचा पट्टा खांद्यावरून काढला. पालखी उचलणाऱ्यांनी खांदे सावरले. ती दारासमोरून गेली, टेकली नाही, नाचली नाही. पायांखाली वाळका पाला वाजत होता, बाकी काही नाही. दिशा मान वर करून बघत होती. तांदूळ आता हलत नव्हते.

विनीत खळ्यात परतला. आईकडे बघायची त्याची छाती होत नव्हती. दुसऱ्या वर्षीही देवी तिच्या दारात बसली नव्हती, आणि तेही तिच्याच पोराच्या तोंडाने.

तेवढ्यात धाकूच्या दारात ढोल पुन्हा सुरू झाला, गडग्यापलीकडेच. विनीतने धावत जाऊन पोरीच्या कानांवर आपले तळवे दाबले.

"हात नको!" ती किंचाळली. "खरखरतात! काढ!"

त्याने काढले. तिने सूप खाली ठेवून स्वतःचे हात कानांवर घेतले आणि पाठ त्याच्या नडग्यांवर टेकून एवढी जोरात रेटली की त्याला पडवीचा खांब धरावा लागला. तशीच ती ओरडून म्हणाली, "पप्पा, तू खोटं बोललास. वर्ष झालं होतं."

"व्हय, झालं व्हतं. गप आता."

संस्कृती दाराआडून पिशवी घेऊन पुढे आली. "काकू, आम्ही निघतो मग. ढोल लांब आहे तोवर जाऊ."

काशीबाईने वाकून सूप उचललं. नारळ बाजूला काढला. ओल्या जमिनीकडे, उलट्या फ्रॉककडे, खांब धरून उभ्या असलेल्या पोराकडे पाहिलं. मग वैतागलेल्या आवाजात म्हणाली, "पोर कशी नेशील तू? ऐकलंस ना, आमाला सुतक हाय. सुतकातलं मानूस कुनाच्या घरी जातं काय?"

"अहो, पण सुतक कसलं..."

"ते तुज्या भावोजींना इचार. गावासमोर सांगून आलाय." तिने संस्कृतीच्या हातातली पिशवी काढून घेतली. "आनि तू पन खाली बस. बहीन तुजी गेली. तुला तरी कुटं फिटलंय?"

संस्कृती होती तिथेच पायरीवर बसली. काशीबाई सूप आणि पिशवी घेऊन आत गेली, आणि आतून तिचा आवाज आला, "पुरन शिजवून ठेवलंय येवढं! आता सुतकात त्याचं काय करू, ते पन सांगा कोनीतरी!"